पद्मश्री एकीला मिळाली, वडिलांचा रकाना हजारोंचा अडकलाय

सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला जी गर्दी होते, तिला राज्याची हद्द माहीत नसते. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून गाड्या भरून येतात, इकडून बेळगाव, चिक्कोडी, अथणी, रायबाग. यल्लम्मा दोन्हीकडची एकच. मुलीच्या गळ्यात मोती बांधून तिला देवाला सोडायची प्रथाही याच वाटांनी दोन्ही बाजूंना मुरली. ती मोडायला निघालेले कायदे मात्र दोन, दाखले दोन तऱ्हेचे आणि कचेऱ्याही दोन. या फटीत सर्वांत जास्त कोण सापडते, तर जोगतिणीचे शाळेत जाणारे पोर.

कर्नाटक विधिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्धचे नवे विधेयक मंजूर केले. १९८२ च्या जुन्या कायद्यात बंदी होती, शिक्षा होती. त्या बाईने आणि तिच्या मुलांनी पुढे जगायचे कसे, याबद्दल फारसे काही नव्हते. नव्या विधेयकाच्या नावातच मदत आणि पुनर्वसन आहे. देवदासीच्या मुलांना वडिलांची ओळख मिळवण्याचा आणि वारसाहक्काचा मार्ग त्यात आहे. कागदपत्रांवर वडिलांचे नाव घालणे सक्तीचे असणार नाही, हेही आहे. बातम्यांत पहिल्या मुद्द्याची चर्चा जास्त झाली. प्रत्यक्षात गावात उपयोगी पडणार आहे तो दुसरा.

हे समजायला सीतव्वा जोडट्टी यांची वाट बघावी लागते. चिक्कोडी तालुक्यातल्या कब्बूरच्या सीतव्वा. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना देवाला सोडले गेले. बेळगाव मुंबई इलाख्यात होते तेव्हापासून, म्हणजे १९३४ पासून, कागदावर बंदी होतीच. तिने त्यांना वाचवले नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायराडा ही संस्था आणि राज्याचे महिला विकास महामंडळ यांनी बेळगाव जिल्ह्यात देवदासींसाठी प्रकल्प सुरू केला. त्यात ज्या तरुण बाया जोडल्या गेल्या, त्यांत सीतव्वा होत्या. गावोगाव बचत गट, शेळ्या-म्हशींसाठी कर्ज, आरोग्य तपासणी, आणि नवी मुलगी सोडली जाणार अशी कुणकुण लागली की त्या घरी जाऊन बसणे, असे ते काम.

या कामाचे पुढे जे झाले ते महत्त्वाचे. असले प्रकल्प मुदत संपली की गुंडाळले जातात. जीप परत जाते, फलक गंजतो. इथे १९९७ मध्ये बायांनी स्वतःचीच संस्था उभी केली. महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे, घटप्रभा. लोक तिला ‘मास’ म्हणतात. सभासद देवदासी, कारभारीही त्यांच्यातल्याच. सीतव्वा याच संस्थेत वर चढत मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरून आलेल्या ताईंनी समजावणे वेगळे आणि जिच्या गळ्यात स्वतः मोती होते तिने उंबऱ्यावर बसून ‘पोरीला सोडू नका’ म्हणणे वेगळे. दुसरीला घरच्यांकडे उत्तर नसते.

पण ही कथा एका कर्तबगार बाईची म्हणून सांगून थांबले तर निम्मीच सांगितली जाते. मुलगी सोडण्यापासून वाचली, पुढे काय? तिला घरी बसवले तर दोन-तीन वर्षांत लग्न, नाहीतर ऊसतोड, नाहीतर मिरज-सांगलीला काम. आईचे आयुष्य पोरीपर्यंत येऊ द्यायचे नसेल तर तिला दहावी, बारावी, पुढे नर्सिंग किंवा डीएडपर्यंत नेणारी शाळाच लागते. आणि शाळेचा दरवाजा उघडा असला तरी टेबलावर अर्ज असतो.

पहिलीचा प्रवेश सहसा अडत नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, आणि बहुतेक हेडमास्तर तेवढे समजूतदार असतात. वडिलांच्या रकान्यात मग कुणीतरी काहीतरी लिहिते. मामाचे नाव, आज्याचे नाव, कधी देवाचे. त्या दिवशी काम भागते. हिशेब पुढे द्यावा लागतो. आठवी-नववीला जात आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. नाडकचेरीत गेल्यावर शाळेत एक नाव, आधारवर दुसरे, रेशन कार्डावर तिसरेच. दाखला नाही तर आरडी नंबर नाही, आरडी नंबर नाही तर शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही. वसतिगृहाची जागा तशीच जाते. गळती मोजणाऱ्या तक्त्यात हे ‘कौटुंबिक कारण’ म्हणून दिसत असेल. कारण खरे तर एका रकान्याचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्येच एका अविवाहित आईच्या प्रकरणात सांगितले होते की पालकत्वासाठी तिने वडिलांचे नाव उघड करणे गरजेचे नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा. निकाल दिल्लीत लागला. तालुक्याच्या खिडकीवर पोहोचायला त्याला दहा वर्षेही पुरली नाहीत, हे काही नवल नाही. खिडकीवरचा माणूस निकाल वाचत नाही, परिपत्रक वाचतो.

सीमेपलीकडे गोष्ट आणखी गुंतते. देवदासीविरोधी चळवळीचा महाराष्ट्रातला एक मोठा टप्पा गडहिंग्लजचा, तिथे १९७० च्या दशकात परिषद भरली होती. कायदा व्हायला २००५ उजाडले. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव लागेल, मग वडिलांचे. आईचे नाव आले ही मोठीच गोष्ट. पण वडिलांचा रकाना हलला नाही, फक्त एक घर मागे गेला. शिवाय जातीच्या दाखल्याला तिथे अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तोही वडिलांकडच्या नातलगांचा. जिला वडीलच कागदावर नाहीत तिने तो कुठून आणायचा?

समजा, रायबागची एक बाई कामासाठी सांगलीला गेली आणि पोरगी तिथल्या मराठी शाळेत बसली. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात सवलतीसाठी चालत नाही. स्थलांतरितांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून हीच भूमिका घेतली आहे. उलट दिशेने आलेल्या पोराचेही तेच. घटनेच्या दृष्टीने त्यामागे तर्क आहे, कारण जातींच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या. पण चिक्कोडी आणि कागल यांच्यात एसटीचा एक तास आणि नातेवाइकांचा जाळीसारखा गुंता असताना हा तर्क पोरीला समजावून सांगायचा कुणी? बायांनी आपल्या परीने वाट काढली आहे. सांगलीतल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायांच्या मुलांसाठी वसतिगृह उभे राहिले ते निपाणीत, म्हणजे हद्दीच्या या बाजूला. त्या परिषदेची आणि ‘मास’ची भूमिका धंद्याबद्दल एक नाही. मुलांच्या शाळेबद्दल मात्र एकच आहे.

दुसरी अडचण मोजणीची. कर्नाटकात १९९३-९४ आणि २००७-०८ अशी दोन सर्वेक्षणे झाली आणि दोन्ही मिळून ४६,६६० नावे यादीत आली. त्यानंतर दीड तप यादी तशीच. पेन्शन, घर, मुलांच्या योजना सगळे त्या यादीवर. १९८२ नंतर सोडलेली बाई यादीत नाव घालायला गेली तर तिच्या आईबापांनी गुन्हा केला, अशी कबुलीच होते. आईबाप, नातेवाईक असतील तर त्या कायद्यात शिक्षा उलट जास्त होती. मग कोण कशाला जाईल? २०२५ मध्ये नवी मोजणी हाती घेतली गेली. तिचा आकडा कमी आला तर प्रथा संपली असा डंका पिटला जाईल. आकडा कमी येण्याचे भीती हेही कारण असू शकते, आणि ते तपासायला अंगणवाडीसेविकेच्या सोबत ‘मास’सारख्या संस्थेतली बाई हवी. तिला घरोघरचे माहीत असते.

आता लक्ष नियमांकडे. वडिलांचे नाव सक्तीचे नाही, हे शाळेच्या सॅट्स नोंदीत, नाडकचेरीच्या अर्जात आणि शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर एकाच वेळी बदलावे लागेल. एका ठिकाणी रकाना रिकामा चालला आणि दुसऱ्या ठिकाणी संगणकाने अर्ज परत पाठवला तर पहिलीसारखेच होणार, पुन्हा मामाचे नाव. सीमाभागातल्या मराठी शाळांच्या हेडमास्तरांना याचे परिपत्रक मराठीतही मिळावे, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी. कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. अर्ज त्याच्या आधीच छापले जातात.