टीप नको, नियम हवा

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत कंत्राटी कामावर जाणारी आपली मुले जेवणाच्या सुट्टीत आधी मोबाईल उघडतात, डबा नंतर. टेलिग्रामवरचा कुणी ‘सर’ सांगतो तेव्हा निफ्टीचा ऑप्शन घ्यायचा, तो सांगेल तेव्हा विकायचा. पेणच्या गणपती कारखान्यांत हंगामी मजुरी करणाऱ्या पोरांच्या तोंडीही हीच भाषा आहे. हे पाहून आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, ‘शेअर बाजार हा शेठजींचा जुगार. आपल्या माणसाने तिकडे फिरकूच नये.’

आमच्या मते हे दोघेही चुकतात.

आधी ज्येष्ठांशी बोलू. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी पोटापाण्यासाठी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले. तिथे ज्ञान कमी पडले नव्हते, जात आडवी आली होती. बाजारातून आपण आपण होऊन बाहेर राहिलो नाही, आपल्याला बाहेर ठेवले गेले. मग आज तेच बाहेर राहणे तत्त्व म्हणून का मिरवायचे?

आता तरुणांशी. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. या ट्रेडरपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी दाखवले होते. म्हणजे आपल्यासारखेच लोक.

मग कमावले कुणी? मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांनी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी. त्यांच्या नफ्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग अल्गोरिदमने, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या नियमांवर चालणाऱ्या यंत्रांनी मिळवला. समोर नियम पाळणारे यंत्र आणि अमाप भांडवल, इकडे ‘सर’चा मेसेज आणि महिन्याचा पगार. ही लढत बरोबरीची नाही.

काही जण म्हणतील, मग ओळखीच्या, भरवशाच्या माणसाकडे पैसे ठेवू. रिझर्व्ह बँकेला चिंतामणराव देशमुखांच्या रूपाने पहिला भारतीय गव्हर्नर देणारा हा जिल्हा. त्याच जिल्ह्यातल्या पेण अर्बन बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेला निर्बंध आणावे लागले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांनी ऑप्शन घेतला नव्हता की जुगार खेळला नव्हता. गावातली बँक, गावातली प्रतिष्ठित माणसे, एवढाच त्यांचा आधार होता. तेव्हा ठेवींवर विम्याचे संरक्षण फक्त एक लाखापर्यंत होते. पाच लाखांची मर्यादा आली २०२० मध्ये. किती ठेवीदारांना हा नियम तेव्हा माहीत होता?

माणसाच्या चांगुलपणावर पैशाची व्यवस्था उभी करू नका, हे बाबासाहेबांनी १९२३ मध्येच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मांडले. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडले तर किमती वाढतात आणि त्याची झळ गरिबाला बसते, म्हणून चलन काढण्यावरच पक्की मर्यादा घाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. देशाच्या तिजोरीला लागू असलेला हा विचार आपल्या खिशाला का लागू नसावा?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. नियम वहीत लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजाराबाहेर ठेवा. एका बँकेत व्याजासह पाच लाखांपेक्षा जास्त ठेव नको. कर्जाचा, बचत गटाचा किंवा आईच्या दागिन्यांचा पैसा बाजारात लावायचा नाही. उरेल त्यातली ठरलेली रक्कम दर महिन्याला इंडेक्स फंडात, बाजार चढो वा पडो. कधी काढायचे ते आधीच लिहून ठेवा. फ्युचर्स-ऑप्शन्स बंद. सल्लागाराची सेबीकडे नोंदणी आहे का ते तपासा आणि हमखास परतावा सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हमखास नफ्याचे ‘अल्गो’ विकणाराही त्यातच आला. नफ्याचे यंत्र खरेच हाती असते तर तो ते तुम्हाला विकायला आला असता का?

नियम पाळला तरी तोटा होतो. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी एक तृतीयांशाहून जास्त कोसळला होता. पण ज्याचा घरखर्च बाजूला होता, त्याच्यावर पडत्या भावात विकायची पाळी आली नाही. लाखाचे पन्नास हजार झाले की पुन्हा लाख व्हायला रक्कम दुप्पट व्हावी लागते. हे गणित कळलेला माणूस तोटा भरून काढायला दुसरे कर्ज काढत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नियमाने शिस्त येते, पगार वाढत नाही. ज्याच्या हातात महिनाअखेरीस काहीच उरत नाही त्याला बचतीचे धडे देणे ही थट्टा आहे. त्याच्यासाठी किमान वेतनाची, कायम नोकरीची लढाईच लढावी लागेल. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी विमा सरकारच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा अशी मागणी केली, ती याचसाठी. गरिबाची सुरक्षितता त्याच्या नशिबावर सोडू नये, ती कायद्याने बांधून द्यावी.

तो कायदा येईपर्यंत वही आपल्या हातात आहे. पुढच्या रविवारी विहारात बैठकीला याल तेव्हा ती सोबत आणा. कुणाच्या ग्रुपवर काय टीप आली यापेक्षा कुणी कोणता नियम लिहिला आणि तो पाळला का, यावर आपण बोलू.

जय भीम!