श्वेतप्रदर : परीक्षणापूर्वी चूर्ण नको

अंगावरून पांढरे जाते, एवढे ऐकताच पुष्यानुग चूर्ण, लोध्रासव आणि धावनासाठी त्रिफळा क्वाथ अशी चिठ्ठी लिहिली जाते. औषधालयात तर रुग्णेऐवजी तिची सासूच औषध नेते. आमचा आक्षेप औषधांवर नाही, न तपासता ती देण्यावर आहे.

स्राव पातळ व करडसर असून समागमानंतर माशासारखा वास वाढत असेल, तर योनिगत जीवाणूंचा समतोल बिघडल्याचा संशय घ्यावा. लॅक्टोबॅसिलस घटतात, गार्डनरेला आदी वाढतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो. दह्यासारखा घट्ट स्राव व तीव्र कंडू असल्यास बहुधा कॅन्डिडा. तेथे पीएच सहसा प्राकृतच असतो. पीएचची पट्टी स्वस्त आहे. ती प्रत्येक चिकित्सालयात का नसावी?

धावनाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. वारंवार धावन करणाऱ्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. हितकर जीवाणूही त्यात धुतले जातात. म्हणून धावनाची पुडी औषधालयचालकांनी परस्पर विकू नये, असे आमचे मत आहे.

मेट्रोनिडॅझोलने लक्षणे शमतात, परंतु पुनरुद्भव फार. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात जोडीदारावरही उपचार केल्यावर बारा आठवड्यांतील पुनरुद्भव ६३ ऐवजी ३५ टक्के आढळला. पतीला बोलावण्याचा संकोच वैद्यांनीच आधी सोडावा.

गर्भिणीत या विकाराचा अकालप्रसवाशी संबंध आहे. गर्भिणी, ज्वरासह ओटीपोटात शूल असलेली रुग्णा, तसेच रजोनिवृत्तीनंतर रक्तमिश्रित स्राव होणारी स्त्री यांना चूर्ण देऊन थांबवू नये. विनाविलंब स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.