टॅबलेट : देणगी की हक्क?

माजिवडा नाक्यावर उंच इमारती आणि चाळी शेजारी-शेजारी उभ्या आहेत. वर्गात टॅबलेट आणावा की नाही, हा प्रश्न इमारतीतील मुलाचा नव्हे. त्याच्या घरी तो आहेच. टॅबलेट नको म्हणणारे नकळत चाळीतील मुलाचाच वाटा नाकारतात.

मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आठवीच्या मुलांना टॅबलेट दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा हेतू. हेतू चांगलाच, परंतु आमच्या मुलांचे खरे दुखणे ते होते काय? २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा कित्येक घरांतला एकुलता मोबाईल सकाळी बापाबरोबर कामावर जात असे.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच पोहोचतो. नववी-दहावीचा विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याच्या हाती येणारा टॅबलेट ही देणगी ठरते, आणि देणगी बिघडली तर दाद कोणाकडे मागावयाची? महाज्योती या शासकीय संस्थेने इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांस दहावीनंतर टॅबलेटसोबत रोजचा डेटाही दिला, हे योग्यच झाले.

पालकांनो, पुढील पालकसभेत विचारा : टॅबलेट घरी नेता येईल काय? डेटाचे पैसे कोण भरणार? बिघडल्यास किती दिवसांत दुरुस्त होणार? उत्तर लेखी मागा.