कॅलेंडरावरचा ठिपका



स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस या सगळ्या गर्दीत एक बारीकसा ठिपकाही असतो. कशाचा, ते तुम्हाला सांगायला नकोच. गौरी-गणपतीत अडचण येईल का, नणंदेच्या लग्नात येईल का, एवढ्यापुरता आपण तो पाहतो आणि महिना संपला की पान उलटतो. म्हणजे सोवळ्या-ओवळ्यासाठी तारीख ठेवायची, स्वतःसाठी मात्र नाही! आज याच ठिपक्याबद्दल लिहायचं कारण मेच्या अखेरीस आलेली दोन पत्रं. एक दौंडचं, एक शिरूरचं. तालुके शेजारशेजारचे, मधे भीमा. पण दोघींची काळजी अगदी उलट.

दौंडच्या भगिनीच्या लग्नाला तीन वर्षं झाली आहेत. यजमान रेल्वेत, गाडीवर असतात. आज सोलापूर, उद्या मनमाड. घरी कधी दोन दिवस, कधी नुसती एक रात्र. मूल नाही म्हणून सासूबाईंचं बोलणं सुरू झालं आहे. जाऊबाईंनी सांगितलं, "चौदावा दिवस धर, तोच खरा." म्हणून एप्रिलची पाळी येताच चौदावा दिवस मोजून यजमानांना रजा घ्यायला लावली. २९ एप्रिल ते १ मे ते घरी होते. पुन्हा २३ मेला पाळी आलीच. "आता माझ्यातच काही दोष आहे का?" असं त्या विचारतात.

या भगिनीने एक शहाणपण केलं आहे. पत्रात तारखा लिहिल्या आहेत. ३ जानेवारी, ८ फेब्रुवारी, १५ मार्च, १८ एप्रिल, २३ मे. जरा बोटांवर मोजून बघा. ३६ दिवस, ३५ दिवस, ३४ दिवस आणि पुन्हा ३५ दिवस. अहो, यांची पाळी मुळी अठ्ठावीस दिवसांची नाहीच!

आता नीट लक्ष द्या. पाळीचा पहिला दिवस म्हणजे अंगावरून जायला लागतं तो दिवस; न्हाण्याचा दिवस नव्हे. तिथपासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. या चक्रात एकदा बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडतं. जपानमधले डॉक्टर ओगिनो यांनी १९२४ साली हे दाखवून दिलं, की स्त्रीबीज सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजायचा नसतो, येणाऱ्या पाळीपासून मागे मोजायचा असतो. साधारण चौदा दिवस मागे, कुणाचे बारा, कुणाचे सोळा. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत पुढून मोजा की मागून, चौदाच येतात. त्यामुळेच हा "चौदावा दिवस" सगळ्यांच्या तोंडी बसला. पस्तीस दिवसांच्या पाळीत मात्र तो एकविसाव्या-बाविसाव्या दिवसापर्यंत जातो.

म्हणजे या भगिनीचं स्त्रीबीज एप्रिलच्या चक्रात ९ मेच्या आसपास सुटलं असावं. यजमान १ मेला घरी होते. पुरुषबीज पोटात फार तर पाच दिवस टिकतं आणि स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. मग गाठ पडणार कशी? यात दोष कुणाचाच नाही, तारीख चुकली इतकंच. त्यांना टपालाने कळवलं आहे, की जूनमध्ये ७ ते १४ तारखेच्या दरम्यान यजमानांना जमतील तेवढे दिवस घरी राहायला सांगा. रोजचा अट्टहास नको, दिवसाआड पुरे.

तारखेच्या जोडीला आणखी एक खूण सांगते, लाजू नका. त्या दिवसांत अंगावरून जाणारा पांढरा स्राव बदलतो. एरवी चिकट किंवा अगदीच थोडा असतो, तो पातळ, स्वच्छ, निसरडा होतो आणि दोन बोटांत धरला तर पाकासारखी तार धरतो. एकतारी पाक ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, तसंच हेही दोन-तीन महिन्यांत कळायला लागतं. हा रोग नव्हे, औषध घ्यायची गरज नाही. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखे कण असले तर मात्र दाखवायला हवं.

आणि सासूबाईंसाठी एक गोष्ट. मनुस्मृतीत ऋतुकालाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत. सम रात्रीला मुलगा, विषम रात्रीला मुलगी. अजूनही घरोघरी हे मोजलं जातं. त्यात काही तथ्य नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषबीजावर ठरतं, रात्रीच्या आकड्यावर नाही. शिवाय पस्तीस दिवसांची पाळी असणारीने सोळाव्या रात्रीनंतर दिवस सोडून दिले, तर मूल राहायचं कसं? वर्षभर योग्य दिवस साधूनही (पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने) दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांकडे दोघांनी जायचं. यजमानांची तपासणी आधी करा. ती सोपी असते, स्वस्त असते आणि नेमकी तीच शेवटी होते.

आता शिरूरचं पत्र. यजमान रांजणगावच्या कारखान्यात, पाळीपाळीने रात्रपाळी. (आपल्या भाषेत दोन्हीला पाळीच म्हणतात, काय करणार!) दोन मुलं, धाकटं दहा महिन्यांचं, अजून अंगावर पितं. बाळंतपणानंतर पाळी दोनदाच आली. शेजारणीने सांगितलं, "पहिले सात आणि शेवटचे सात दिवस बिनधोक." त्यावर विसंबल्या, आता बारा दिवस वर गेले आहेत.

ताई, आधी औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणा आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर करून बघा. काहीही निघालं तरी डॉक्टरीणबाईंना भेटा, उशीर करू नका. काढा, पपई, कुणी दिलेल्या गोळ्या असलं काही करू नका.

बाकीच्यांनी हे वाचून ठेवा. मूल अंगावर पीत असताना पाळी कधी लवकर, कधी उशिरा येते. स्त्रीबीज तर पाळीच्या आधी सुटतं. म्हणजे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. अशा वेळी "शेवटचे सात" कुठून मोजणार? शेवट कधी हे पाळी आल्यावरच कळतं ना!

हा मार्ग सरकारनेही करून पाहिला आहे. १९५२ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीची लोदी कॉलनी आणि बंगळूरजवळचं रामनगरम इथे बायकांना मण्यांच्या माळा दिल्या होत्या. हिरवे मणी मोकळ्या दिवसांचे, लाल धोक्याचे. रोज एक मणी सरकवायचा. कुणी उलटीकडे सरकवले, तर कुणाला वाटलं नुसती माळ गळ्यात असली की झालं. बायकांना हसू नका. माळ बरोबर सरकवली तरी पाळी मागेपुढे झाली की हिशेब फसणारच. आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून संततिनियमनाची साधनं वापरा असं कंठशोष करून सांगत होते, ते उगीच नाही.

तरी गणित सांगते. निदान सहा महिन्यांच्या तारखा लिहा. सगळ्यांत लहान चक्रातून १८ वजा करा, सगळ्यांत मोठ्यातून ११. लहान २६ आणि मोठं ३१ असेल तर आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत दिवस राहू शकतात. आणि २४ ते ३६ असं कमीजास्त असेल तर सहाव्यापासून पंचविसाव्यापर्यंत! मोकळं राहिलं काय? म्हणून मूल नको असेल तर माझं मत सरळ आहे, एकट्या कॅलेंडरावर विसंबू नका. निरोध, तांबी, गोळ्या, अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. अंगावर पाजणारीला यांतलं काय चालेल ते तिथे विचारून घ्यायचं.

मोबाईलवरही हिशेब ठेवता येतो, मुली ठेवतात. पण तोही अंदाजच असतो. भिंतीवर लिहायचा संकोच वाटत असेल तर कपाटाच्या दाराला आतून एक छोटं कॅलेंडर चिकटवा. पहिल्या दिवशी ठिपका, किती दिवस गेलं तेवढ्या रेघा, तार धरणाऱ्या दिवशी फुली. सणासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तसं लिहा आणि तो महिना हिशेबात धरू नका. चक्र २१ दिवसांच्या आत किंवा ३५ च्या फार पुढे वरचेवर जात असेल, आठवड्याहून जास्त जात असेल, मधेच डाग दिसत असतील किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ते कॅलेंडर काढून सरळ डॉक्टरांपुढे ठेवा. "मागची पाळी कधी?" या प्रश्नाला "आठवत नाही हो" म्हणायची वेळ येणार नाही.

पाळीबद्दल मला पत्र लिहाल तेव्हा दौंडच्या भगिनीसारख्या तारखा जरूर लिहा. निदान चार महिन्यांच्या. नाव नाही लिहिलंत तरी चालेल.