पिल्लाला ओढू नका

आपल्याकडे कुत्रं पाळायच्या दोनच पद्धती. एक तर दारात चोवीस तास साखळीला बांधलेलं, नाहीतर गावभर मोकळं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी आणि दोरीचं टोक घरातल्या माणसाच्या हातात, हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं कौतुक, असं आपण धरून चाललोय. मला ते पटत नाही. उलट आमच्या कड्यासारख्या गावात त्याची गरज जास्त आहे.

२०२० च्या नोव्हेंबरात आमच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. तेव्हापासून वस्तीवरच्या बायका म्हणतात, दारात कुत्रं हवंच. म्हणून दीड महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून आणतात आणि खुंट्याला बांधतात. त्याला गाव माहीत नाही, माणसं माहीत नाहीत. मग एक दिवस कुणीतरी त्याला साखळीने रस्त्यावर ओढतं. समोरून उसाची ट्रॉली येते, त्यावर गाणी लावलेली. सप्टेंबर २०२२ पासून नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, तिची शिटी वेगळीच. पिल्लू चारी पाय रोवून खाली बसतं. लोक हसतात, ‘भित्रं निघालं, हे काय राखण करणार?’

मैत्रिणींनो, इथंच आपलं गणित चुकतं. भित्रं कुत्रं गरीब असतं, हा समज खोटा आहे. घाबरलेल्या कुत्र्याला पळायला जागा असेल तर ते पळतं. साखळीला बांधलेलं पळणार कुठं? ते चावतं. आणि चावतं कुणाला, तर दारावरून शाळेत जाणाऱ्या पोरांना. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचा विषय गाजला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवण्याचा आदेश नोव्हेंबरात झाला. टीव्हीवर दिवसरात्र चर्चा. पण आपल्याच दारातल्या कुत्र्याला आपण भित्रं आणि चावरं करतोय, यावर कुणी बोललं नाही.

धनगरांची कुत्री बघा. त्यांना कुणी दोरी लावत नाही आणि ती कशाला बिचकतही नाहीत. कारण डोळे उघडल्यापासून ती मेंढरांत, माणसांत, रस्त्यावर वाढलेली असतात. तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, ते त्याला आपलं वाटतं. नेमके तेच दिवस आपण त्याला खुंट्याला घालवायला लावतो!

आमच्या शेजारच्या वहिनींनी असंच एक काळं पिल्लू आणलं. उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. वहिनी कंटाळून म्हणाल्या, ‘ताई, ह्याला सोडूनच देते आता.’ मी म्हटलं, ‘पंधरा दिवस द्या मला. पण एक करा, ती साखळी काढा.’

साखळी जड असते, खणखणते, आणि पिल्लाची मान कोवळी असते. आम्ही मऊ सुती पट्टा घेतला. मान आणि पट्टा यांत दोन बोटं सहज जातील एवढा सैल. पहिले दोन-तीन दिवस तो फक्त जेवायच्या वेळी घालायचा आणि खाऊन झालं की काढायचा. पट्टा म्हणजे भाकरी, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. मग पट्ट्याला हलकी दोरी बांधली आणि अंगणात तशीच मागे फरफटू दिली. आपण मात्र तिथंच बसायचं, कुठं अडकली तर सोडवायला. त्यानंतर दोरीचं टोक हातात, पण पिल्लू जाईल तिकडं आपण जायचं. वहिनींच्या सासूबाई, आत्याबाई, ओसरीवरून म्हणाल्या, ‘कुत्रं तुम्हाला फिरवतंय का तुम्ही कुत्र्याला?’ म्हटलं, ‘सध्या तेच आम्हाला फिरवतंय, आत्याबाई.’

खरी परीक्षा दाराबाहेर. पहाटे, रस्ता शांत असताना, पाचच मिनिटं. पिल्लू बसलं की वहिनींचा हात आपोआप दोरी ओढायचा. ओढलं की ते आणखी मागं रेटतं, हा त्यांचा स्वभावच आहे. त्याऐवजी दोन पावलं पुढं जाऊन उकिडवं बसायचं, दोरी सैल ठेवायची आणि हातावर भाकरीचा नाहीतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरायचा. (कांद्याचं कालवण लागलेली भाकरी नको, कांदा कुत्र्याला बाधतो.) आलं तर तुकडा, नाही आलं तर घरी. रागवायचं नाही. शेपूट पायात, कान मागं, सारख्या जांभया, ही भीतीची खूण. ट्रॉलीचा आवाज आधी लांबून ऐकवायचा, ऐकताना खाऊ द्यायचा आणि रोज थोडं थोडं जवळ जायचं. भ्यालं तर जवळ घेतलं म्हणून भीती वाढत नाही, बिनधास्त घ्या.

लसीचं मात्र चालढकल नको. दीड-दोन महिन्यांपासून डोस सुरू होतात. ते पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री जमतात तिथं पिल्लाला खाली सोडू नका, कडेवर घेऊन गाव दाखवा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढं डॉक्टर सांगतील तशी. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायालाही सोसत नाही. आणि वस्तीवर राहत असाल तर रात्री पिल्लू बाहेर बांधून ठेवू नका, बिबट्याला ते आयतंच सापडतं.

एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही. बाईमाणसाने हातात दोरी धरून रस्त्याने जायचं म्हणजे चारजण बघणार. ‘काय हो, कुत्रं फिरवायला निघालात?’ असं विचारणारे भेटतातच. भाजीला, दळणाला, देवळात निघालेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. नुसतं चालायला निघाली की विचारतात! देवघरातल्या खंडोबासोबत घोडा असतो तसं कुत्रंही असतं, त्याला आपण रोज हळद वाहतो. मग दारातल्या कुत्र्याला दोन पावलं फिरवण्यात लाज कसली?

वहिनींना पंधरा दिवस पुरले नाहीत, दीड महिना लागला. ट्रॉली आली की पिल्लू अजूनही त्यांच्या पायात शिरतं, पण बसत नाही. आता त्या संध्याकाळीही निघतात, आणि आल्यावर आत्याबाईच विचारतात, ‘आज कुठवर गेलात?’