तो गेम डिलीट करू नका!

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की एक वाक्य हमखास कानावर पडते. "आमचा मुलगा दिवसभर त्या गेमला चिकटलेला असतो हो!" दुसरे पालक सहानुभूतीने मान हलवतात, तिसरे आपण वाय-फायचा पासवर्ड कसा बदलला ते सांगतात, आणि रांग श्रीखंडापर्यंत पोचेतो बिचाऱ्या पोराचा निकाल लागलेला असतो. त्या निकालावरचे हे माझे अपील.

सगळ्याच गेम्सची वकिली मी करणार नाही. फोनवर रंगीत गोळ्या फोडणाऱ्यांनी आपले आपण बघून घ्यावे. मी बोलतोय ते 'मॉड्स'बद्दल. स्कायरिम हा २०११ साली आलेला गेम. त्यात हौशी लोकांनी घरबसल्या केलेले बदल म्हणजे मॉड्स : नवी घरे, नवे चेहरे, दाट गवत. एकेका पोराच्या संगणकावर असे दोनशे मॉड्स असतात, आणि ते बनवणाऱ्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. साहजिकच ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. भिंत भडक जांभळी होते, खुर्चीच्या जागी लाल उद्गारचिन्ह तरंगते, एखाद्या बाईचे अंग ठीक आणि चेहरा तेवढा राखेसारखा काळपट.

आता खरी गंमत सुरू होते. जांभळी भिंत म्हणजे भिंतीचा आकार सापडला, पण तिच्यावर चिकटवायचे चित्र सापडले नाही. उद्गारचिन्ह म्हणजे आकारच सापडला नाही. काळपट चेहऱ्याचे दुखणे सर्वांत मजेदार. गेममध्ये दोन आखाडे आहेत. पात्रांच्या नोंदींच्या आखाड्यात यादीत शेवटी असलेला मॉड जिंकतो. फाइलींच्या आखाड्याचे नियम वेगळे. तिथे सुट्या ठेवलेल्या फाइली गठ्ठ्यात बांधलेल्यांवर मात करतात. त्यामुळे बाईची नोंद एका मॉडची आणि तयार चेहऱ्याची फाइल दुसऱ्याची, असे लग्न लागते. पत्रिका जुळत नाही, चेहरा काळवंडतो! दोन्ही गोष्टी एकाच मॉडच्या केल्या की तोंड उजळते.

एका मित्राच्या घरी हे नाटक मी डोळ्यांनी पाहिले. अर्धे शहर जांभळे झालेले. मित्र म्हणाला, "नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊन टाकू या का?" आपल्याकडे कोणत्याही आजारावर नवी खरेदी हे औषध असते. बारावीतला चिरंजीव मात्र म्हणाला, "काका, कार्ड बिघडलं असतं तर सगळंच वेडंवाकडं दिसलं असतं. इथे ठरावीक भिंतीच जांभळ्या आहेत." मग त्याने दोनशेपैकी निम्मे मॉड्स बंद केले. कोणता मॉड कोणावर अवलंबून आहे ते आधी वहीत मांडून ठेवले होते, म्हणजे एकाला काढताना दुसरा लुळा पडायला नको. जुन्या सेव्हमध्ये आधीचा कचरा राहतो, म्हणून प्रत्येक वेळी नवा खेळ सुरू करून बघितले. शंभर, पन्नास, पंचवीस... आठ फेऱ्यांत गुन्हेगार हाती. चित्रांचा एक फोल्डर चुकीच्या जागी उतरला होता. खर्च शून्य पौंड.

मंडळी, ह्याच कामाचे मला पैसे मिळतात. एखाद्या बँकेची यंत्रणा आडवी पडली की खोलीत दहा जण "रीस्टार्ट करून बघा" म्हणत असतात, आणि एकजण एका वेळी एकच गोष्ट बदलून, लिहून ठेवून, निम्मे-निम्मे करत मूळ शोधतो. तो अकरावा माणूस मिळता मिळत नाही. शनिवारच्या कोडिंग क्लासमध्ये तो तयार होत नाही, कारण तिथल्या प्रत्येक गणिताचे उत्तर शिक्षकाच्या खिशात असते. जांभळ्या भिंतीचे उत्तर कोणाच्याच खिशात नसते.

इंग्लंडच्या शाळांनी हा धडा उशिराच गिरवला. वर्षानुवर्षे आयसीटीच्या नावाखाली वर्ड आणि पॉवरपॉइंट शिकवले. २०११ साली लिव्हिंगस्टन आणि होप यांच्या 'नेक्स्ट जेन' अहवालाने त्यावर कोरडे ओढले, आणि सप्टेंबर २०१४ पासून कम्प्युटिंग हा विषय आला. ओरड करण्यात पुढे कोण होते? गेम आणि व्हिज्युअल इफेक्ट्सवालेच!

तरीही हा पोरखेळ वाटत असेल तर आपल्या लंडनचेच उदाहरण घ्या. बेथेस्डा कंपनीच्या 'फॉलआउट ४'वर हौशी मंडळींनी 'फॉलआउट लंडन' हा भला थोरला मॉड उभारला. २३ एप्रिल २०२४, सेंट जॉर्जेस डेचा मुहूर्त धरला होता. तेवढ्यात कंपनीने मूळ गेमचे मोठे अपडेट २५ एप्रिलला जाहीर केले आणि मुहूर्त मोडला. मॉड अखेर २५ जुलैला, मोफत आला. स्टीमवर गेम घेतलेल्यांना आधी तो मागच्या आवृत्तीवर न्यावा लागला. वरच्या मजल्याचा विचार न करता पाया हलवला की काय होते, हे ज्या पोरांनी तेव्हा निस्तरले त्यांना ते वेगळे शिकवायला नको. याच गटाच्या मुख्य लेखिकेला २०२१ साली खुद्द बेथेस्डाने नोकरी दिली होती.

ए-लेव्हल्सचे काय, असे विचाराल. तास ठरवून द्या, जरूर द्या. अनोळखी ठिकाणची फाइल चालवू नको म्हणूनही दटावा. शिवाय तासांपैकी बरेचसे निव्वळ खेळण्यातच जातात, हे मीही जाणतो. पण रागाच्या भरात तो फोल्डर पुसाल तर वर्षभराची प्रयोगवही पुसाल. त्यापेक्षा एकदा शेजारी खुर्ची ओढून "आज काय बिघडलंय?" एवढे विचारा.

आणि कार्यकारिणीला एक विनंती. पुढच्या स्नेहसंमेलनात फॅन्सी ड्रेसच्या शेजारी एक टेबल या पोरांना द्या. बिघडलेले गेम ती आणतील, एक्स्टेंशन बोर्ड मी आणतो.