वेगाच्या मोटारीला पांढरे काठ कशाला?



नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली या गावांवरून रायपूरकडे जाणारा महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) तुमच्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. त्याच्या कडेला सुरक्षित अंतरावर घटकाभर उभे राहा आणि नुसती चाके पाहा. मालमोटार, एसटी, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सगळ्यांचे टायर काळे! पण जुन्या चित्रपटांतल्या मोटारी आठवा. त्यांच्या टायरच्या बाजूला पांढरेशुभ्र कडे दिसते. असे कडे आजच्या स्पोर्ट्‌स कारला शोभेल का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. ते केवळ आवडीनिवडीचे नाही. त्यामागची कारणे तुम्हीच तपासून पाहा.

प्रथम हे पांढरे कडे आले कोठून ते पाहू. रबराचा चीक दुधासारखा पांढरा असतो. सुरुवातीच्या टायरांत जस्ताचे ऑक्साइड मिसळत, त्यामुळे सबंध टायर फिकट रंगाचा होई. पुढे असे आढळले की, रबरात अतिशय बारीक काजळी मिसळली तर ते कित्येक पटींनी चिवट होते आणि कमी झिजते. १९१० नंतरच्या काळात ही काजळी टायरात सर्रास वापरात आली. काही कारखानदार ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालीत, बाजू पांढरीच राही. म्हणजे पांढरी बाजू ही आरंभी शोभा नव्हती, ती काटकसर होती! सबंध टायर काळे झाल्यावर मात्र तीच पांढरी बाजू श्रीमंतीची खूण ठरली.

काजळीचे काम एवढ्यावरच संपत नाही. ती उन्हातील जंबुपार किरण शोषून रबराला तडे जाण्यापासून वाचवते आणि चाकावर साठणारी स्थिर वीज जमिनीत जाण्यास मदत करते. विदर्भातल्या मे महिन्यात टायरला किती ऊन सोसावे लागते, हे तुम्हांला सांगायला नको.

आता थोडे गणित करू. एखाद्या स्पोर्ट्‌स कारच्या टायरवर २२५/४० आर १८ असे लिहिलेले असते. २२५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, अर्थात ९० मिलिमीटर. उलट जुन्या ॲम्बॅसडरच्या ५.९०–१५ या टायरची रुंदी सुमारे १५० मिलिमीटर आणि भिंतीची उंचीही जवळजवळ तितकीच. त्या उंच भिंतीवर ५० मिलिमीटरचा पट्टा खुलून दिसे. ९० मिलिमीटरच्या भिंतीवर तोच पट्टा अर्ध्याहून अधिक जागा खाईल.

ही भिंत बुटकी का केली? वळणावर ती कमी वाकावी, म्हणजे मोटार चालकाच्या हाताबरोबर वळते. शिवाय रिंग मोठी झाल्याने आत मोठा ब्रेक बसतो. त्या ब्रेकची काळी भुकटी मात्र पांढऱ्या पट्ट्यावर रोज बसणार!

येथे कोणी म्हणेल, ''सौंदर्याला काही किंमत आहे की नाही?'' अवश्य आहे. कारखान्यात नीट बनविलेला पांढऱ्या पट्ट्याचा टायर धोक्याचा नसतो, हेही मान्य केले पाहिजे. त्यात टिटॅनियम डायॉक्साइड घातलेल्या पांढऱ्या रबराचा थर असतो. वरचा काळा थर घासून तो उघडा करतात. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात असे टायर मला स्वतःला आवडतात. पण सौंदर्य कामाशी जुळलेले असावे. आपल्या भागातला शंकरपट आठवा. वरातीच्या दमणीचे बैल झूल-घुंगरांनी सजवतात, पण पटावर धावणाऱ्या छकड्यावर कोणी जादा ओझे लादत नाही. तो हलका आणि मोकळा असतो, आणि म्हणूनच देखणा दिसतो.

हा प्रश्न फक्त श्रीमंतांच्या मोटारींचा आहे, असे समजू नका. हौसेने मोटारसायकलचे टायर तेलरंगाने रंगवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. रंग पातळ करण्याच्या द्रवाने रबराला इजा होते. त्याहून वाईट म्हणजे रंगाखाली बारीक तडे झाकले जातात. टायर बनल्याची तारीखही झाकली जाते. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वरून चिकटवायची पांढरी रबरी कडी तर वेगात फडफडून टायरची बाजूच घासतात.

तेव्हा आज शाळेतून घरी गेल्यावर घरच्या गाडीचे टायर ओल्या फडक्याने पुसा. ती चार अंकी संख्या शोधा, बाजूला तडे आहेत का ते बघा, आणि असल्यास वडीलधाऱ्यांना दाखवा. टायर पांढरा असो वा काळा, त्याची बाजू स्वच्छ वाचता आली पाहिजे. माझ्या मते चाकाची खरी शोभा तीच.